डबा रिकामा पाठवायचा नसतो

१८ सप्टेंबर

डबे विसरणाऱ्या आणि भांडण तेवढं ध्यानात ठेवणाऱ्या निशिगंधेला तिच्या आजीचा, म्हणजे झुंबरबाईचा आशीर्वाद.

आमचे चार डबे तुझ्याकडं आहेत. त्यातला एक तुझ्या आईच्या, क्रांतीच्या, माहेरचा. त्याच्यापायी क्रांती रोज सकाळी माझ्याकडं असं बघते, की जणू मीच तो खाल्ला. तू आधीपासूनच विसरभोळी. शाळेत दप्तर विसरायचीस, देवळात चप्पल विसरायचीस. एकदा रेडकाला चारायला नेलंस आणि त्यालाच ओढ्यावर विसरून आलीस. ते बिचारं आपलं आपण घरी आलं. तू मात्र महिना झाला तरी आली नाहीस.

हे पत्र भाकरीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवतेय. तेलकट झालं तर नाक मुरडू नकोस. फोन केला असता, पण तू "बरी हाय" म्हणतेस आणि तोडतेस. शिवाय आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. तुझी आई स्पीकर लावते आणि तुझा बाप पेपर वाचतोय असं दाखवून ऐकतो.

लिहितोय तुझा दादा. मी "हाय" म्हणते, तो "आहे" लिहितो. मी "आलो" म्हणते, तो "आले" लिहितो. म्हटलं, "आरं विजू, मी असं बोलतो व्हय?" तर म्हणाला, "आज्जी, कागदावर असंच लिहायचं असतंय." लिहू दे. इंजिनेरिंगचं शेवटचं वर्ष दुसऱ्यांदा करतोय, त्याला सरावाची गरज आहेच.

आता त्या गोष्टीवर येते. तुला वाटत असेल म्हातारीला नीट कळलं नाही. मला कळलं ते सांगते, चुकलं तर सांग.

सकाळच्या कोल्हापूर गाडीनं तुझा डबा जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून तू कधी चार पेरू घालायचीस, कधी भडंगाची पुडी. त्या दिवशी हॉस्टेलवर बाई खोल्या तपासायला येणार होत्या. तू सिगरेटचं पाकीट डब्याच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात लपवलंस आणि विसरून पिशवी तशीच कंडक्टरच्या हातात दिलीस. रोज स्टॉपवर तुझी आई असते, त्या दिवशी नेमका तुझा बाप उभा. अगं, डबा रिकामा देऊ नये हे खरं, पण म्हणून काहीही घालायचं होय?

पाच होत्या. तुझ्या बापानं, उदयनं, त्या बाहेरच्या सोप्यात वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या, पंचनाम्याला मांडतात तशा. मग तुला फोन लावला. "दिवाळीपातूर ऱ्हा तितं. मग सामान घिऊन घरी. बास झालं शिक्षण." तू म्हणालीस, "आबा, दादा पण ओढतोय की." तो म्हणाला, "त्यो पोरगा हाय." त्यावर तू फोन तोडलास, आणि दुसऱ्या दिवशी आईला निरोप दिलास, की डबा पाठवू नका.

यात माझं काही चुकलं नसेल तर हा डबा घे. मेथी आहे, लसणाची चटणी आहे. तुझ्या बापाला वाटतंय विजू हल्ली दोन डबे नेतो. त्यानं काही विचारलं नाही. पोरगा आहे, जास्त खातो.

तुझी,
अंगठा उठवणारी आजी


२९ सप्टेंबर

निशे,

डबा आला. झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं, तरी पोचला. तुझी चिठ्ठीही पोचली. विजूनं गोठ्यात उभं राहून ती मला वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली, कारण पहिल्या वेळी तो मधल्या ओळी गिळत होता.

तू लिहिलंस, की एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सुरू झालं. खोलीतल्या एका मुलीनं सांगितलं, एक ओढ, परीक्षेचं टेन्शन जातं आणि भूकही लागत नाही. आधी दोन, मग चार, परीक्षेत नऊ. तीनदा सोडलीस. तीनदा परत धरलीस. सोडलेलीही कुणाला ठाऊक नाही आणि धरलेलीही नाही.

ती वर्गातल्या कागदाची गोष्ट मी सारखी घोळवतेय. विद्यापीठात कुणी कुणी ओढतं याचा अभ्यास करणारे आले आणि सगळ्यांना कागद वाटले. पोरं मोठ्यानं एकमेकांना विचारत होती, "तू किती लिहिलंस रे? दहा? फेकू नकोस, फुकटच्या धरून दहा." आणि पोरींनी सगळ्यांनी "नाही" लिहिलं. तूही लिहिलंस. संध्याकाळी त्यातल्या तिघी तुझ्याबरोबर गच्चीवर होत्या. आधी हसलात आणि मग एक जण रडायला लागली. बरोबरच आहे बाई. "कशी सोडायची" हे त्या कागदात पुढच्या पानावर होतं म्हणतेस, आणि "नाही" लिहिणाऱ्याला ते पान उलटायचंच नव्हतं.

आपल्या विजूचं बघ. त्यानं सोडली की वारणानगरच्या सगळ्या चहावाल्यांना कळतं. दोस्त टाळ्या वाजवतात, एकानं तर हार घातला होता. चौथ्या दिवशी तोच हार घालणारा म्हणतो, "एक झुरका मार, मोजत न्हाय." परत धरली तरी सगळे हसतात आणि चहा सांगतात. सहा वेळा सोडून झाली. त्याला पडायला गादी आहे. तू फरशीवर पडतेस, आणि आवाज होऊ नये म्हणून तोंड दाबून पडतेस.

हे लिहून झाल्यावर मी त्याला विचारलं, "बाबा, त्या दिशी तुज्या खिशात काय हुतं?" पेन थांबलं. म्हशीला पाणी दाखवतो म्हणून उठला. म्हशीनं आत्ताच पाणी प्यालंय. बऱ्याच वेळानं आला आणि म्हणाला, खाली थोडं मी माझ्या मनानं लिहितो. काय लिहील ते मला वाचता येणार नाही. 

निशा, त्या दिवशी मी सोप्यातच होतो. माझ्या पँटच्या खिशात पाकीट होतं. तू फोनवर माझं नाव घेतलंस तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो. बाकी काही नाही. – विजू

झालं त्याचं. ओळ खाली खाली गेली एवढं मला दिसलं. आता माझं.

मी सोळा वर्षांची होते, दाढ ठणकत होती, तेव्हा सासूनं मिश्रीची डबी हातात दिली. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. ठणका गेला, डबी राहिली. त्याला साठ वर्षं झाली. सकाळी चहाच्या आधी, धुण्याच्या आधी, भांडी झाल्यावर, म्हशीची धार काढल्यावर, आणि कुणी भांडलं की मधेच. याला आजवर कुणी व्यसन म्हटलं नाही. "म्हातारी दात घासतीया" म्हणतात. माझ्या तोंडात सात दात आहेत. सात दात दिवसातून सहा वेळा कोण घासतं गं?

तुझा बाप जेवण झालं की तळहातावर तंबाखू-चुना मळतो, तो त्याचा हक्क. तुझ्या आजोबांच्या बिड्या, तो त्यांचा हक्क. माझी मिश्री म्हणजे दातांची काळजी. विजूची सिगरेट म्हणजे वय. एवढ्या धुराच्या घरात गुन्हेगार एकच निघाली, तीही विसरभोळी.

तेव्हा ऐक. तू सोड, मीही सोडते. जी पडेल तिनं दुसरीला कळवायचं. लाज दोघींत वाटून घेऊ, म्हणजे अर्धी अर्धी येईल.

डब्यात कांद्याची पात आहे. झाकणं जुळवून पाठव.

आजी


८ ऑक्टोबर

निशे,

तू लिहितेस, कोल्हापुरात एका दवाखान्यात तंबाखू सोडवायचा विभाग आहे, फुकट आहे, तू दोनदा दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. बाकावर सगळे बापेच बसलेले. तू आत डोकावलीस तशी सगळ्यांनी मान वळवली आणि एकानं विचारलं, "कुणाचा नंबर लावायचाय, ताई? वडलांचा का?" तू "चुकून आले" म्हणालीस.

आता बघ म्हातारीची अक्कल. पुढच्या बुधवारी मी कोल्हापूरला येते. नंबर माझा लावायचा. मी पेशंट, तू सोबत. काळ्या दातांच्या म्हातारीबरोबर आलेल्या पोरीकडं कोण वळून बघतंय? आत गेल्यावर दार लागतं. दाराच्या आत कोण पेशंट आणि कोण सोबत, ते डॉक्टर बघून घेईल.

सकाळच्या गाडीनं येते. स्टँडवर डबा घ्यायला जिथं उभी राहतेस, तिथंच थांब. त्या दिवशी तुझा डबा मीच. तोंड थोडं वैतागलेलं ठेव, दवाखान्यात म्हातारीला घेऊन आलेल्या नातवंडांचं असतं तसं. आणि मला सारखं "आज्जी, नीट चाल" म्हणत राहा, म्हणजे शोभेल.

उदयला सांगितलंय, की डोळे दाखवायला जाते. या वयात पोराशी खोटं बोलायला मजा येते. लहानपणी तो माझ्याशी बोलायचा त्याची फेड.

आजी


१७ ऑक्टोबर

निशे,

डॉक्टरीणबाई चांगली होती. माझे दात बघून नाक मुरडलं नाही, हे मी आधी ध्यानात ठेवलं. तू शहाण्यासारखी बोलत होतीस, "आजीला सकाळी उठल्या उठल्या लागतं, आजीला अभ्यास करताना लागतं." तिथं ती हसली. म्हणाली, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुमच्या सोबतीशी बोलते." तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारत नाही. बाहेर काय झालं ते तू बघितलं नाहीस, तेवढं सांगते.

बाकावर अकरा बापे आणि मी. मी जाऊन मधोमध बसले. इतक्यात कोण आलं असेल? आपल्या गल्लीतली बायडाबाई, नवऱ्याला घेऊन. आकारामचा गुटखा सोडवायला आणलेला.  तू आत, आणि ही गावची रेडिओ बाहेर.

"काय वो झुंबराक्का, तुमी हितं?"

"मिश्री सोडाय आलोय."

"तुमी? आता? ह्या वयात?"

"नात सोडतच न्हाय बघ. म्हनली, आज्जी, चल. गचांडीला धरून आणलंय पोरीनं."

"लई गुणाची हाय वो तुमची नात. न्हायतर आमची पोरं."

"गुणाची तर हायच."

बघ, एकही शब्द खोटा नाही बोलले. कुणी कुणाला धरून आणलं एवढंच उलटं सांगितलं.

 आकाराम आत चिठ्ठी करायला गेला तशी तिनं कनवटीची डबी काढली, उघडली नाही, नुसती हातात फिरवली आणि परत खोचली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आक्का, लई तरास हुतो का वो सोडताना?" साठीची बाई, पण पोरीसारखा आवाज. मी म्हटलं, "मला काय म्हाईत? माजा आज पयलाच दिस." मग दोघी हसलो. त्या अकरा बाप्यांनी मान वळवून बघितलं, तर बायडा म्हणाली, "काय बगतायसा? बायकास्नी तोंड न्हाय व्हय?"

तू बाहेर आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं.  समोरच्या गाड्यावर दोन प्लेट भजी खाल्लीस, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दीड वर्षात तुला भुकेनं खाताना बघितलं नव्हतं.

बाईनं सांगितलेलं आठवतंय ना? तल्लफ आली की पाण्याचे घोट घ्यायचे, लवंग चघळायची, दहा मिनिटं काढायची. ती येते तशी जाते, पावण्यासारखी. बसायला पाट दिला नाही की झालं. तुझ्या वजनाचं तिनं काय सांगितलं ते तू मला सांगितलंस: थोडं वाढलं तर वाढू दे, फुप्फुसाला मोकळं होऊ दे. मी तर म्हणते वाढूच दे. गळ्याची हाडं मोजून घेता येतात तुझ्या.

आज माझा तिसरा दिवस. डोकं दुखतंय, क्रांतीशी दोनदा भांडले, आणि हे लिहिताना विजूला एक फटका दिला. त्याची चूक नव्हती.

आजी


२९ ऑक्टोबर

निशे,

तू दिवाळीला आली नाहीस. मी वाट बघितली नाही असं लिही म्हटलं विजूला, तर तो म्हणतो खोटं लिहिणार नाही. आता त्याला हे सुचतंय.

तुझी चिठ्ठी मिळाली. भाऊबिजेला हॉस्टेल रिकामं, खालच्या मेसला कुलूप, समोरच्या घरातल्या ओवाळण्याचा आवाज. एक घेतलीस. दुसरी पेटवली आणि पायाखाली चिरडलीस. तिथनं परत एकपासून मोजतेस. बरं केलंस कळवलंस. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की नाही, पडल्याचं लपवलं की पडून राहतो माणूस.

माझंही ऐक. मी चौथ्याच दिवशी पडले. चकलीची भाजणी भाजायला बसले होते. तव्यावर डाळ तांबूस व्हायला लागली, तसा तो भाजल्याचा वास नाकात गेला आणि माझं बोट आपोआप कमरेला गेलं. डबी तर मी उकिरड्यात टाकलेली. तशीच उठले, बायडाच्या घरी गेले, "चिमूटभर दे" म्हटलं. तिनं दिली, वर म्हणाली, "आक्का, तुमी सोडली म्हनून मीबी कालच निम्मी केल्ती." चोळता चोळता मला अशी लाज आली की काय सांगू. भाजणी करपली ती वेगळीच. या वर्षीच्या चकल्या काळ्या कशा, हे घरात कुणाला कळलं नाही. आता तुला कळलं.

आता मोठी गोष्ट. काल संध्याकाळी उदय कारखान्यावरनं आला, हातपाय धुतले, जेवला, तळहातावर तंबाखू घेतली आणि म्हणाला, "आई, दिवाळी झाली. सोमवारी जातो कोल्हापूरला. पोरीचं सामान घिऊन येतो."

मी म्हटलं, "आदी माजं सामान काड."

"आं?"

"साठ वरसं तंबाखू चोळली मी ह्या घरात. तू शाळंत जाताना दुकानातनं पानं आणून द्यायचास मला. मला घरी बसवलंस का कदी? आता सोडाय लागलोय तर डोळं दाखवाय म्हनून खोटं सांगून जावं लागलं. आणि मी एकटी न्हाय. तुजी लेक बी सोडतीया. पाच दिस झालं तिला."

 तंबाखू मळायचा त्याचा अंगठा थांबला.

तेव्हा विजू उठला. मी त्याला शिकवलं नव्हतं, शप्पथ. म्हणाला, "आबा, त्या दिशी माज्या खिशात पण पाकीट हुतं."

उदय म्हणाला, "मला ठाव हाय. तुज्या शर्टाचा वास काय मला येत न्हाय व्हय?"

"मग मला का बोलला न्हाईसा?"

"तुला बोलून काय उपेग? तू ऐकणार हाईस? ती ऐकंल वाटलं."

निशे, तुझी आई चुलीपाशी होती. दोन-अडीच महिन्यांत नवऱ्यापुढं या विषयावर बोलली नव्हती. ती तिथनंच म्हणाली, "म्हंजी जो ऐकतो त्यालाच मार व्हय? बैलाला तरी असं करत न्हाईत."

 सुनेनं एवढं छान बोलल्यावर सासूनं मधे तोंड घालू नये.

 मग उदय खाली बघूनच बोलला. "लोकांचं मला काय न्हाय, आई. मला अण्णांचा खोकला आठीवतो. त्या पाच सिग्रेटी हातात घेतल्या तवा पयला त्योच ऐकू आला."

तुझ्या आजोबांना, म्हणजे उदयच्या अण्णांना, तू बघितलं नाहीस. बिडीनंच गेले. शेवटचं वर्षभर ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे, आणि त्यांच्या पाठीला हात लावून बसायचा तो उदय. त्यांना बिड्यांचे बंडल आणून देणाराही उदयच होता, माझी पानं आणायचा त्याच पैशातून. हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही. त्यानं तुला चुकीचंच केलं, मी त्याची बाजू घेत नाही. पण तो ओरडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं काय होतं, ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहायला सांगितलं.

सोमवारचं त्यानं "जात न्हाय" म्हटलेलं नाही. काय होतंय ते बघू. तू सामान बांधू नकोस.

आजी


४ नोव्हेंबर

निशे,

काल सोमवार झाला, तुझा बाप आला नाही, हे तू बघितलंस. इथं काय झालं ते ऐक.

सकाळी धुतलेला शर्ट घातला, तुझ्या ट्रंकेसाठी दोरी घेतली, आणि स्टॉपवर गेला. विजू मागं लपून उभा होता. कोल्हापूर गाडी आली. कंडक्टर मोहसीननं दार उघडून विचारलं, "चलताय न्हवं, काका?" उदय म्हणाला, "डबा हाय निस्ता." आणि खरंच, निघताना माझ्या हातातली तुझी पिशवी त्यानं घेतली होती, तीच गाडीत दिली. गाडी गेली. दोरी घेऊन घरी आला आणि त्याच दोरीनं म्हैस बांधली.

म्हणजे त्याला दोन डब्यांचं पहिल्यापासून ठाऊक होतं गं. मी उगाच स्वतःला हुशार समजत होते.

अभ्यास कर.

आजी


४ डिसेंबर

निशे,

परीक्षा झाली म्हणतेस, आणि पेपर बरे गेले. एम.ए.ला आल्यापासून एकही न ओढता दिलेली पहिली परीक्षा. इतिहासाच्या पेपरला तल्लफ आली, म्हणून लवंग तोंडात धरून लिहीत बसलीस. परीक्षेच्या बाईंनी विचारलं, दात दुखतोय का? असं तू लिहिलंस आणि मी इतकी हसले, की उरलेल्या सातातला एक हलायला लागला. घराण्यात दातांच्या नावानं सुरू झालं, दातांच्या नावानंच सुटेल.

गच्चीवरची ती रडणारी मुलगी आता तुझ्याबरोबर दवाखान्यात येते हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, म्हातारी हवी असेल तर भाड्यानं मिळेल. बायडाला घेऊन जा. ती तयारच आहे, तिचे वीस दिवस झाले आणि ती सगळ्या गल्लीला मोजून दाखवते. आकारामचा गुटखा मात्र तसाच आहे. त्याला घेऊन गेली होती, आणि मिश्री सोडून आली ती आपणच.

विजूचे अकरा झाले. ही सातवी खेप. या वेळी त्यानं चहावाल्यांना सांगितलं नाही, दोस्तांना सांगितलं नाही. वर कोपऱ्यात आकडा लिहिलाय म्हणे त्यानं तुझ्यासाठी, बघ. पडला तर तुलाच कळवेल. त्याला तुझी रीत शिकव आणि तू त्याची थोडी शीक. चारचौघांत सांगायची.

काल मी तुझा डबा भरत होते. उदय मागं येऊन उभा राहिला. या माणसाला सरळ विचारायची सवय नाही, आधी डब्यात वाकून बघितलं, मग म्हणाला, "किती दिस झालं?"

मी म्हटलं, "माजं का तिचं?"

"दोगींचं."

"माजं शेचाळीस. तिचं एकेचाळीस. मी पाचानं फुडं हाय."

"एकेचाळीस," म्हणाला. तेवढंच. मग पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेला, आणि तिथनं पाठमोराच म्हणाला, "फुडल्या सत्राचं नाव कदी नोंदवायचं असतंय, इचार तिला. सही लागत असंल तर शनवारी ये म्हणावं. मी हाय स्टॉपवर."

सही लागत नाही हे मला विजूनं सांगितलं. तू त्याला सांगू नकोस. शनिवारी ये.  आधी तो तुझ्या हातातली पिशवी घेईल, आणि सवयीनं बाजूचा कप्पा चाचपेल. चाचपू दे. तू हसू नकोस. मी हसणार आहे.

आणखी एक. तीन दिवस झाले, त्याची तंबाखूची डबी खिडकीत पडून आहे. कुणी काही विचारलं नाही. आपण विचारायचं नाही. जेवण झालं की तळहात उघडा करून बसतो आणि त्याकडं बघत राहतो. साठ वर्षं माझं बोट कमरेला जात होतं, तर तीस वर्षांच्या हाताला एवढ्या लवकर कसं कळावं. हाताला काहीतरी द्यायला पाहिजे.

तेव्हा शनिवारी येताना चारी डबे घेऊन ये. आईच्या माहेरचा आधी. आणि रिकामे आणू नकोस. तुझ्या हॉस्टेलजवळच्या त्या दुकानातलं भडंग भरून आण. माझं एका डब्यात, मिरची कमी, कारण माझ्या हिरड्या साठ वर्षांनी जाग्या झाल्यात आणि त्यांना सगळंच झोंबतंय. दुसऱ्या डब्यात तिखट, लसूण जादा, शेंगदाणे जादा, तळहातावर घेऊन एक एक फक्का मारता येईल असं कुरकुरीत. त्याच्यावर कुणाचं नाव घालू नकोस. सोप्यात खिडकीत ठेव, डबीच्या शेजारी.